मिठाच्या पोटातली कोठी : कोण खणतं, कोण भरतं आणि कोण तपासतं?



विद्राव्यता हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. पेल्यात पाणी घ्यायचं, मीठ घालायचं, ढवळायचं. एका टप्प्यावर मीठ विरघळायचं थांबतं आणि तळाशी बसतं. "यालाच संपृक्त द्रावण म्हणतात", असं फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या धड्याकडे जायचं. गेल्या वर्षी मी तिथेच थांबलो नाही. मुलांना सांगितलं, याच पेल्यातल्या विज्ञानावर जमिनीखाली शेकडो मीटर खोल, इमारती मावतील एवढ्या पोकळ्या तयार करतात आणि त्यांत वायू, तेल, हवा, अगदी हायड्रोजनसुद्धा साठवतात. मुलं खूश झाली. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "सर, पण आत जाऊन बघतं कोण?"

आत कोणीच जाऊ शकत नाही, हे त्याचं खरं उत्तर. म्हणून तर नियम लागतात. आजचा पाठ त्या प्रश्नावर आहे. विज्ञान, गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र अशा चारही तासांना तो वापरता येईल.

१. पोकळी तयार कशी होते?

आपल्याकडे मीठ म्हटलं की डोळ्यांसमोर मिठागरं येतात, म्हणजे समुद्राचं पाणी, ऊन आणि पांढरे ढीग. पण जगात अनेक ठिकाणी जमिनीच्या पोटात मिठाचे जाड थर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्र आटले आणि त्यांचं मीठ खडक होऊन राहिलं. आपण उपासाला वापरतो ते सैंधव किंवा शेंदेलोण हे असंच खडकातलं मीठ. काही ठिकाणी हे मीठ वरच्या खडकांच्या दाबाने घुमटासारखं वर सरकलेलं असतं, त्याला मिठाचा घुमट म्हणतात.

अशा थरात खाणकामगार न उतरवता पोकळी करता येते. आधी बोअर मारतात. बोअरमध्ये लोखंडी केसिंग उतरवून त्याच्या बाहेरून सिमेंट भरतात. आपल्या शेतातल्या बोअरला केसिंग असतं तसंच हे, फक्त कितीतरी खोल आणि मजबूत. मग आत एकात एक असे दोन पाइप सोडतात. एकातून गोडं पाणी खाली जातं, मीठ विरघळवतं, आणि दुसऱ्यातून मिठवणी, म्हणजे खारट पाणी, वर येतं. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षांवर्षं चालतं. पाणी छताकडचं मीठ खाऊ नये म्हणून वर नायट्रोजनचा किंवा तेलाचा थर ठेवतात. तेल पाण्यावर तरंगतं आणि मीठ तेलात विरघळत नाही, या दोन साध्या गोष्टींचा हा उपयोग.

साठवणीसाठी मीठच का, हे मुलांनी विचारायला हवं. एक कारण म्हणजे चांगल्या घट्ट मिठातून वायू जवळपास झिरपतच नाही. दुसरं म्हणजे खोलवरच्या दाबाखाली मीठ अगदी संथपणे, घट्ट मळलेल्या कणकेसारखं सरकतं, त्यामुळे बारीक भेगा आपोआप मिटतात. पण याच गुणाची दुसरी बाजूही आहे. मीठ सरकतं म्हणून पोकळी हळूहळू आकसतेही. ती बांधून ठेवली आणि विसरलो, असं चालत नाही.

२. हे कशासाठी?

ऊन आणि वारा आपल्या गरजेप्रमाणे येत नाहीत. वीज जास्त असेल तेव्हा साठवायची आणि कमी पडेल तेव्हा काढायची, त्यासाठी मोठी कोठी लागते.

जर्मनीत हुंटॉर्फ इथे १९७८ पासून मिठाच्या दोन पोकळ्यांत हवा दाबून भरतात. ती हवा सोडून गॅस टर्बाइन चालवतात आणि वीज काढतात. तिथला दाब साधारण ४५ ते ७० बार असतो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये सुमारे २ बार असतो, त्यावरून मुलांना कल्पना येईल. अमेरिकेत अलाबामा राज्यात मॅकिन्टॉश इथे असंच केंद्र १९९१ मध्ये सुरू झालं. इंग्लंडमध्ये टीसाइडला १९७२ पासून मिठाच्या तीन पोकळ्यांत हायड्रोजन साठवला जातो. अमेरिकेचा आणीबाणीचा तेलसाठा टेक्सास आणि लुईझियाना राज्यांत मिठाच्याच पोकळ्यांत आहे. आता युटा राज्यात डेल्टा गावाजवळ हायड्रोजनसाठी दोन प्रचंड पोकळ्यांचा प्रकल्प आहे. तिथली प्रत्येक पोकळी सुमारे ४५ लाख बॅरलची, आणि त्याला अमेरिकी सरकारने २०२२ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली.

म्हणजे ही गोष्ट जुनी आहे, चालते, आणि पुढे वाढणार आहे. ती वाईट आहे असं मुलांच्या मनात भरवायचं नाही. ती कोणत्या अटींवर चालते, ते शिकवायचं.

३. कृती आणि गणित

कृती सोपी आहे. दोन पेले घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात आधीच संपृक्त केलेली मिठवणी. दोन्हींत सैंधवाचा सारखा खडा टाका आणि तास संपेपर्यंत ठेवा. साध्या पाण्यातला खडा झिजतो, मिठवणीतला जवळपास तसाच राहतो. इथे मुलांना विचारा, "पोकळी रिकामी असेल आणि चुकून गोडं पाणी आत गेलं तर?" उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

आता गणित. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. म्हणजे १ घनमीटर पाण्यात सुमारे ३६० किलो. १ घनमीटर सैंधवाचं वजन सुमारे २१६० किलो. मग १ घनमीटर पोकळी करायला किती पाणी?

२१६० ÷ ३६० = ६ घनमीटर.

हा कमीत कमी आकडा. प्रत्यक्षात वर येणारं पाणी पूर्ण संपृक्त नसतं, त्यामुळे जास्तच लागतं. टीसाइडच्या एका पोकळीचं आकारमान साधारण ७०,००० घनमीटर आहे. ७०,००० × ६ = ४,२०,००० घनमीटर, म्हणजे ४२ कोटी लिटर. आपल्याकडचा १०,००० लिटरचा टँकर धरला तर ४२,००० टँकर! आणि डेल्टाची पोकळी याच्या दहा पट.

माझ्या वर्गात हा आकडा फळ्यावर आला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "एवढं पाणी आणायचं कुठून, आणि खारट झाल्यावर टाकायचं कुठे?" उन्हाळ्यात गावात टँकर येतो तेव्हा रांगेत उभं राहणारी मुलं हा प्रश्न पुस्तक न वाचता विचारतात.

हा प्रश्न कॅनडात न्यायालयापर्यंत गेला. नोव्हा स्कोशिया प्रांतात नैसर्गिक वायूच्या साठवणीसाठी मिठात पोकळ्या करायच्या होत्या. पाणी शुबेनाकडी नदीतून घ्यायचं आणि मिठवणी तिथेच सोडायची, अशी योजना होती. त्या नदीत पट्टेरी बास मासा अंडी घालतो आणि मिगमाक आदिवासी समाजाचं त्या नदीशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं आहे. त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. सरकारने या समाजाशी पुरेसा विचारविनिमय केला नाही, असं न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आणि २०२१ मध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला. एकही पोकळी फुटली नव्हती. अडचण आली ती पाण्याची आणि न विचारल्याची.

४. हचिन्सनची गोष्ट

आता या पाठाचा गाभा. ही घटना मुलांना सांगताना घाई करू नका.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात हचिन्सन नावाचं शहर आहे. गावाखाली मीठ आहे, म्हणून त्याला 'सॉल्ट सिटी' म्हणतात. १७ जानेवारी २००१ ला सकाळी शहराच्या मध्यभागी अचानक स्फोट झाला आणि दुकानं उद्ध्वस्त झाली. थोड्या वेळाने शहराच्या दुसऱ्या भागात जमिनीतून वायू आणि खारट पाण्याचे फवारे उडू लागले, काही सुमारे ९ मीटर उंच. दुसऱ्या दिवशी एका वस्तीतल्या घराखाली स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. शेकडो लोकांना घरं सोडावी लागली.

वायू कुठून आला? शहरापासून सुमारे ११ किलोमीटरवर यागी नावाचं साठवण क्षेत्र होतं. तिथे मिठाच्या पोकळ्यांत नैसर्गिक वायू भरलेला होता. या पोकळ्या आधी १९८० च्या दशकात प्रोपेनसाठी केल्या होत्या. मग त्या विहिरी बुजवल्या, आणि १९९० च्या दशकात नैसर्गिक वायूसाठी पुन्हा उघडल्या. त्यांतल्या एका विहिरीचं केसिंग सुमारे १८० मीटर खोलीवर फुटलेलं होतं. पोकळी शाबूत होती, मीठही शाबूत होतं. गळका होता तो पाइप.

मिठाच्या वर भेगा पडलेल्या खडकाचा एक पातळ थर होता. त्या थरातून वायू सरकत शहराखाली आला. पण जमिनीखालून वर यायला त्याला वाट कशी मिळाली? इथे गोष्ट शंभर वर्षं मागे जाते. हचिन्सनमध्ये १८८७ मध्ये मीठ सापडलं. त्यानंतर मिठवणी काढण्यासाठी लोकांनी जागोजागी बोअर मारले. काम संपलं, बोअर तसेच सोडले, वर घरं आणि दुकानं उभी राहिली. कोणता बोअर कुठे होता, याची धड नोंद राहिली नाही. वायूला त्या विसरलेल्या बोअरांनी वाट दिली.

सुमारे ४० लाख घनमीटर वायू निसटला होता. तो बाहेर काढून जाळण्यासाठी नंतर डझनावारी नवे बोअर मारावे लागले.

वर्गाला विचारा, "चूक कोणाची?" एक जण म्हणेल कंपनीची. दुसरा म्हणेल, जुने बोअर न बुजवणाऱ्यांची. तिसरा म्हणेल, परवानगी देणाऱ्यांची. तिघांनाही बोलू द्या. उत्तराची घाई नको.

५. मग नियम काय असावेत?

आम्ही फळ्यावर पाच प्रश्न लिहिले. प्रत्येक प्रश्नामागे एक कारण आहे.

जागा कुठली? लुईझियानात बायू कॉर्न नावाची वस्ती आहे. तिच्याजवळच्या मिठाच्या घुमटात मिठवणी काढून झालेली एक पोकळी होती, पण ती घुमटाच्या कडेला फार जवळ होती. २०१० च्या तपासणीत ती नापास झाली आणि २०११ मध्ये तिची विहीर बुजवून बंद केली. २०१२ च्या उन्हाळ्यात पाण्यात बुडबुडे दिसू लागले, जमीन हादरू लागली, आणि ३ ऑगस्टला जमीन खचून मोठा खड्डा पडला. पोकळीची बाजूची भिंत ढासळली होती. सुमारे ३५० लोकांना घर सोडावं लागलं आणि खड्डा वाढत वाढत ३० एकरांपलीकडे गेला. म्हणून नियम हवा की पोकळी आणि मिठाची कड यांत पुरेसं अंतर आहे, हे आधी सिद्ध करा. कड नक्की कुठे आहे याचा नकाशाच नसेल तर परवानगी नाही.

केसिंग किती? हचिन्सननंतर कॅन्ससने २००३ मध्ये नवे नियम केले. साठवणीच्या विहिरीला दुहेरी केसिंग हवं, ही त्यांतली मोठी अट. एकच भिंत असेल तर एकच चूक पुरते. दोन असतील तर पहिली फुटल्याचं कळायला वेळ मिळतो.

आत बघायचं कसं? इथे मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ध्वनिलहरी सोडून पोकळीचा आकार मोजतात, वटवाघूळ अंधारात वाट शोधतं तसंच. शिवाय विहिरीत नायट्रोजन दाबून भरतात आणि तो कमी होतो का ते पाहतात. सायकलची ट्यूब फुगवून बादलीत बुडवण्याचंच हे मोठं रूप. पण ही तपासणी एकदाच करून भागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा करायला हवी. आणि नापास झाल्यावर काय करायचं, तेही आधीच लिहिलेलं हवं.

दाब किती? फार जास्त दाब दिला तर खडकाला भेग पडू शकते. फार कमी ठेवला तर मीठ आत सरकून पोकळी आकसते, छत कमजोर होतं. म्हणून वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा ठरवतात.

बंद केल्यावर कोण बघणार? बायू कॉर्नची पोकळी बंद झाल्यावरच दगा देऊन गेली. विहीर बुजवली म्हणजे जबाबदारी संपली असं होत नाही. बंद केल्यानंतरही देखरेख हवी, आणि त्यासाठी पैसे आधीच बाजूला ठेवलेले हवेत. कंपनी उद्या नसली तरी पोकळी तिथेच असते.

६. नियमांमधली फट

नागरिकशास्त्राच्या तासाला हा भाग जरूर घ्या. अमेरिकेत पिण्याचं पाणी सुरक्षित राखण्याचा कायदा १९७४ चा. त्याखाली जमिनीत काहीही सोडणाऱ्या विहिरींचे वर्ग आहेत. मीठ विरघळवणाऱ्या विहिरी तिसऱ्या वर्गात येतात. पण १९८० मध्ये नैसर्गिक वायूच्या साठवणीला या तरतुदींतून वगळलं. म्हणजे पोकळी खणताना एक कायदा, आणि तीच पोकळी वायूने भरल्यावर तो कायदा नाही!

कॅन्ससने २००३ मध्ये स्वतःचे नियम केले, हे आपण पाहिलं. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वायू नेणाऱ्या कंपन्यांवर अधिकार केंद्र सरकारचा, राज्याचा नाही, असा निकाल २०१० मध्ये केंद्रीय न्यायालयाने दिला. त्यामुळे अशा साठवण क्षेत्रांना राज्याचा नियम लागू होईना, आणि केंद्राकडे भूमिगत साठवणीच्या विहिरींसाठी किमान नियमच नव्हते. पहारेकरी दोन, आणि दार मात्र उघडं.

ही फट बुजायला आणखी एक अपघात लागला. ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात अलिसो कॅनियन इथल्या साठवण क्षेत्रात विहीर गळू लागली. ते क्षेत्र मिठाचं नव्हतं, जुन्या तेलक्षेत्रातलं होतं. गळती जवळपास चार महिने चालली आणि हजारो कुटुंबांना स्थलांतर करावं लागलं. मग २०१६ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशभरासाठी पहिले किमान नियम आले. हचिन्सनपासून मोजलं तर १५ वर्षं. ही वजाबाकी मुलांकडूनच करून घ्या.

७. आपला काय संबंध?

भारतात विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखाली कच्च्या तेलाचे साठे आहेत, एकूण ५३.३ लाख टनांचे. पण ते कठीण खडक फोडून केलेले आहेत, मिठातले नाहीत. मिठाचे जाड थर आपल्याकडे राजस्थानात आहेत आणि तिथे अशा साठवणीचा विचार चर्चेत आहे. राजस्थानात पाण्याची काय स्थिती आहे ते मुलांना माहीत आहे. ४२,००० टँकरचं गणित त्यांना तेव्हा पुन्हा आठवेल.

पण खरा संबंध याहून जवळचा निघाला. हचिन्सनच्या विसरलेल्या बोअरांची गोष्ट संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्या शाळेमागे पण एक बोअर आहे. वर पत्रा टाकलाय." आम्ही सगळे जाऊन पाहून आलो. गवतात एक गंजका पत्रा, त्यावर दोन दगड. पत्रा सरकवला तर खाली काळंभोर भोक. किती खोल, कोणी मारला, कधी आटला, कोणालाच सांगता येईना. त्या पत्र्यावरून मुलं चेंडू आणायला जात होती, आणि मी बारा वर्षं त्या शाळेत शिकवत होतो.

उघड्या बोअरांत लहान मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. बोअर मारण्याआधी लेखी कळवायचं, भोवती कुंपण घालायचं, तोंडाला घट्ट झाकण बसवायचं, सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत भरायचा आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणजे नियम होता. आमच्या पत्र्यापर्यंत तो पोचलेला नव्हता.

मुलांनी अर्ज लिहिला. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसरा अर्ज दोन पालक स्वतः घेऊन गेले. महिन्याभराने बोअर भरला गेला. त्यानंतर मुलांनी वस्तीवर फिरून बंद बोअरांची यादी केली, ती अकरा भरली. त्यातले चार आजही उघडे आहेत. ती यादी वर्गात भिंतीवर लावलेली आहे, आणि झाकण बसलं की मुलं त्यापुढे बरोबरची खूण करतात.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. १ लाख घनमीटरची पोकळी करायला कमीत कमी किती लिटर पाणी लागेल?
२. मिठवणी समुद्रात सोडली तर चालेल का? कोणाकोणाला विचारायला हवं?
३. हचिन्सनमध्ये पोकळी शाबूत असूनही अपघात का झाला?
४. एकाच कामावर दोन खात्यांचा अधिकार असेल तर काय फायदा आणि काय तोटा?
५. तुमच्या घराजवळ बंद पडलेला बोअर किंवा विहीर आहे का? तिची नोंद कोणाकडे आहे?

पालकांना एकच विनंती. पाचवा प्रश्न मुलं घरी घेऊन येतील, तेव्हा "तुला काय करायचंय?" असं म्हणू नका. त्यांच्याबरोबर चार पावलं जाऊन बघा. आणि शिक्षकांनो, तुमच्या वर्गाची यादी किती भरली ते नक्की कळवा.